एका दुकानापुरता पैसा

आमच्या वाण्याकडे सुट्टे नसले की तो दोन रुपयांच्या जागी दोन गोळ्या हातावर ठेवतो. एकदा साठवलेल्या दहा गोळ्या घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, यात काय बसतं ते दे. तो मनापासून हसला, दिलं काहीच नाही. त्याचं चलन त्याच्याच दुकानात चालत नव्हतं.

माझ्या कपाटात एक रुबल आहे, त्याचं नेमकं उलटं. तो ठरावीक दुकानातच चालायचा, बाहेर कुठेच नाही. मॉस्कोतसुद्धा नाही. १९७९ सालची ही नोट सोव्हिएत युनियनच्या बँकेची नव्हे, 'आर्क्तिकउगोल' नावाच्या कोळसा ट्रस्टची. नावाचा अर्थ सरळ आहे, आर्क्टिकचा कोळसा. ट्रस्ट सरकारी, खाणी सरकारी, मजूर सोव्हिएत नागरिक. पण पैसा मात्र घरचा.

याचं कारण नकाशात आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाच्या अलीकडे, स्वालबार्ड हा द्वीपसमूह. रशियन त्याचं जुनं नाव वापरतात, श्पित्सबेर्गेन; मुख्य बेटाचं नावही तेच. तिथली पिरामिडेनची खाण सोव्हिएतांनी १९२७ मध्ये स्वीडिश लोकांकडून घेतली, बारेंट्सबर्गची १९३२ मध्ये डचांकडून. बेटं मात्र नॉर्वेची. १९२० च्या पॅरिस करारानं ती नॉर्वेला दिली, आणि करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे खाणी काढायची, धंदा करायची मुभा ठेवली. गंमत म्हणजे करारात भारतही आहे. तेव्हा पंचम जॉर्ज आपले सम्राट होते, त्यांच्या नावानं आपली सही झाली. म्हणजे निदान कागदावर तरी उद्या सावंतवाडीचा कुणी तिथे कोळसा काढायला जाऊ शकतो. आपण कोळसा काढला नाही, २००८ मध्ये 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र काढलं. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोतून. ध्रुवीय बर्फाचा हिशेब मांडायचा आणि संध्याकाळी घामेजून घरी जायचं!

तर, सोव्हिएत रुबल देशाबाहेर न्यायला बंदी, आणि ही वस्ती तर कायद्यानं परदेशात. नॉर्वेजियन क्रोनर हे परकीय चलन. ते काय मजुरांच्या हाती मोकळ्या हातानं देणार? मग ट्रस्टनं स्वतःच्या नोटा छापल्या. १९४६ मध्ये नाणीही पाडली, १०, १५, २० आणि ५० कोपेकची (कोपेक म्हणजे रुबलचा पैसा), त्यांवर बेटाचं नाव. साम्यवाद्यांचं हे खूळ म्हणून कुणी हसू नये. त्याच बेटावर लाँगइयरब्येनला नॉर्वेची खाण कंपनी १९१६ च्या सुमारापासून आपल्या नोटा काढत होती, त्याही १९८० पर्यंत चालल्या. दोन विचारसरणी, मध्ये एक हिमनदी, आणि पगाराच्या दिवशी दोघांचा तोडगा एकच.

१९९३ मध्ये ट्रस्टनं पुन्हा नाणी पाडली, त्यांवर 'रशियन फेडरेशन' असंही कोरलं. नॉर्वेनं हरकत घेतली. आमच्या बेटावर तुमच्या देशाच्या नावाचं नाणं कसं? नाणी मागे घ्यावी लागली. धातूच्या एका तुकड्यावरचे दोन शब्द दोन सरकारांना बोलायला लावतात, म्हणून तर मला हा छंद सोडवत नाही.

बायकोचा प्रश्न सोपा असतो. "अहो, यात काय येतं?"

"तिथल्या दुकानात मिळेल ते."

"आणि दुकान?"

पिरामिडेनची खाण १९९८ मध्ये बंद झाली, माणसं निघून गेली. लेनिनचा पुतळा तेवढा राहिला, हिमनदीकडे तोंड करून. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुम्ही आणि लेनिन.

पण मला छळतो तो वेगळाच प्रश्न. ही नोट उरली कशी? मजूर ठरावीक मुदतीच्या करारावर यायचे, मुदत संपली की बोटीनं रशियातल्या मुर्मान्स्कला परत. बोट सुटली की या नोटेची किंमत शून्य. म्हणजे शेवटच्या दिवशी शहाण्या माणसानं खिसे दुकानात रिकामे केले असणार. जे मिळेल ते, साबण तर साबण, सिगारेटी तर सिगारेटी. आपणही विमानतळावर उरलेल्या परक्या नाण्यांची चॉकलेटं घेतोच की. तरी माझ्याकडचा रुबल खर्च झाला नाही. कोटाच्या आतल्या खिशात राहिला असेल. बायकोला दाखवायला कुणी मुद्दाम ठेवला असेल. किंवा दोन वर्षांनंतर त्या दुकानातून घेण्यासारखं काहीच उरलं नसेल, हेही शक्य आहे. तिथे साडेतीन-चार महिने सूर्य उगवत नाही. अशा अंधारात माणूस काय विकत घेणार?

ज्या विक्रेत्याकडून ही नोट घेतली, त्यानं माझ्यापुढे दोन नोटा ठेवल्या होत्या. एक कोरी करकरीत, कुणी हात न लावलेली. दुसरी चार घड्यांची, कडा मऊ झालेल्या, एका कोपऱ्यावर काळसर डाग. कोरीची किंमत तिप्पट. मी मळकी उचलली तेव्हा त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. जाणकार संग्राहक असं करत नाहीत, मला ठाऊक आहे. पण जी नोट कधी दुकानात गेलीच नाही तिला नोट का म्हणायचं? तो छापील कागद. आणि डाग कोळशाचा आहे असं मी धरून चालतो. चहाचाही असेल. विक्रेत्याच्याच चहाचा असेल.

अल्बमच्या प्लॅस्टिकच्या खिशात मी ती दर वेळी सपाट करून ठेवतो. वर दोन जाड शब्दकोश रचतो. महिन्याभरानं उघडून पाहावं तर मधली घडी पुन्हा उभी राहिलेली असते, खिशात जायला निघाल्यासारखी.