ड्रॉ या क्रियापदाची खोदाई: इथपर्यंत पोचलोय

सध्या ड्रॉ या इंग्रजी क्रियापदावर काम चालू आहे आणि आता सांगण्यासारखं बरंच जमलंय, म्हणून ही नोंद. पडदा ड्रॉ करतात, चित्र ड्रॉ करतात, तलवार, पाणी, चेक, पगार, चिठ्ठी, श्वास, निष्कर्ष, गर्दी सगळं ड्रॉच, वर मॅचही ड्रॉ होते आणि जहाज दहा फूट पाणी ड्रॉ करतं, म्हणजे तेवढं पाण्यात बुडलेलं असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत अर्थ काळाच्या क्रमाने लावलेले असतात (जेम्स मरे यांनी संपादलेलं डी हे अक्षर १८९७ मध्ये पूर्ण झालं होतं, तेव्हाची ती मेहनत आठवली की हात जोडावेसे वाटतात), पण त्या क्रमाने वाचत गेलं की मला धागा सापडत नाही. म्हणून शीटमध्ये दोनच कॉलम केले, काय ओढलं जातंय आणि कुठल्या दिशेला ओढलं जातंय. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त अर्थ आपापल्या जागी जाऊन बसले.

आधी मूळ बघू. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ड्रागन असं होतं, अर्थ सरळ 'ओढणे', भूतकाळ ड्रोग. (ड्रॅगन प्राण्याशी काही नातं नाही बरं का, तो ग्रीकमधून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे आलाय.) मग यातला ग गेला कुठे? तर तो गेला नाही, त्याचा व झाला. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मध्ये किंवा ल, र च्या नंतर येणारा हा ग घशातून घासत यायचा, आणि मधल्या काळातल्या इंग्रजीत तो ओठांकडे सरकून व झाला. हे एकट्या ड्रॉचं नाही, लॉ म्हणजे कायदा हा आधी लागु होता, धनुष्याचा बो हा बोगा होता, फाउल म्हणजे पक्षी हा फुगोल होता, फॉलो हे फोल्गियन होतं. हे एकदा लक्षात आलं की लॉ, ड्रॉ, बो यांच्या स्पेलिंगमधला तो शेवटचा डब्ल्यू उगाच बसलेला वाटत नाही, तिथे जुना ग पुरलेला दिसतो. मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आनंद ह्या गोष्टीने दिला.

आणि तो ग जिवंत बघायचा असेल तर ड्रॅग बघा. तेच मूळ, पण हा शब्द बहुतेक उत्तरेकडच्या लोकांच्या (म्हणजे व्हायकिंगांच्या) ड्रागा वरून आला किंवा इंग्रजीच्याच एखाद्या बोलीत तसाच राहिला, दोन्ही मतं आहेत. म्हणजे ड्रॉ आणि ड्रॅग ही सख्खी भावंडं, एकाने ग सोडला, दुसऱ्याने धरून ठेवला. जर्मनमध्ये तेच क्रियापद ट्रागन आहे, इंग्रजी ड च्या जागी जर्मन ट हे नेहमीचंच, डे-टाग, ड्रिंक-ट्रिंकन. पण अर्थ मात्र 'ओढणे' नाही, 'वाहून नेणे' आणि कपडे 'घालणे'. डचमध्येही तसंच. स्वीडिश आणि डॅनिशने मात्र ओढणं सोडलं नाही.

इथे एक मोह होतो, लॅटिन त्राहेरे. अर्थ 'ओढणे', आवाजही जवळचा, आणि ट्रॅक्टर, अट्रॅक्ट, एक्स्ट्रॅक्ट, कॉन्ट्रॅक्ट, सबट्रॅक्ट हे सगळं त्याचंच गोत. तर मग ड्रॉ त्याचाच भाऊ ना? नियमाने बघितलं तर बसत नाही. लॅटिनमधल्या त च्या जागी इंग्रजीत थ यायला हवा, लॅटिन त्रेस म्हणजे इंग्रजी थ्री, लॅटिन तू म्हणजे जुनं दाउ (स्पेलिंग टीएच नेच). ड येत नाही. काही अभ्यासक मुळाची दोन रूपं मानून दोघांना जोडतात, पण मी शीटमध्ये त्राहेरेला वेगळा रंग दिलाय आणि तो तसाच ठेवणार. एक गोष्ट मात्र भारी आहे, पोर्ट्रेट हा शब्द त्राहेरेतूनच फ्रेंचमार्गे आलाय, म्हणजे तिथेही चित्र हे ओढूनच झालं.

इंग्रजीत चित्र काढण्याचा अर्थ तेराव्या शतकाच्या आसपास दिसायला लागतो आणि कारण अगदी हाताचं आहे, लेखणी पृष्ठभागावरून ओढत न्यायची. रेघ ओढणे आपण म्हणतोच. खरं तर मराठी माणसाला ड्रॉ समजायला काढणे पुरेसं आहे, चित्र काढतो, पैसे काढतो, विहिरीतून पाणी काढतो, तलवार काढतो, चिठ्ठी काढतो, निष्कर्ष काढतो, आणि हे काढणे ज्या प्राकृत कड्ढइ वरून आलं त्याचा अर्थ ओढतो असाच. एकमेकांना न विचारता दोन भाषा त्याच वाटेने गेल्यात.

दिशेचा कॉलम भरताना बाहेर ओढणे हा गट सगळ्यात मोठा निघाला. बँकेतलं ड्रॉअर म्हणजे चेक लिहिणारा, ड्रॉई म्हणजे ज्या बँकेवर तो काढला ती बँक, आणि टेबलाचा ड्रॉवर म्हणजे बाहेर ओढायचा खण, स्पेलिंग एकच. आतले कपडे म्हणजे ड्रॉवर्स, ते अंगावर ओढून चढवायचे म्हणून. लांबवण्याचा गट छोटा पण सुंदर, तार ड्रॉ करतात म्हणजे धातूची कांडी लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत बारीक करतात, आणि लांबत गेलेल्या भांडणाला लाँग-ड्रॉन म्हणतात.

मागे ओढण्याच्या गटात ड्रॉइंग रूम आहे! तिचा चित्रांशी संबंध नाही, ती विथड्रॉइंग रूम, म्हणजे बाकीच्यांपासून बाजूला होऊन बसायची खोली, पुढचा भाग सतराव्या शतकात गळून पडला. ड्रॉबॅकही तिथलाच. भरलेली जकात माल परत बाहेर पाठवल्यावर मागे मिळते ती ड्रॉबॅक, एक्स्पोर्टवाले अजूनही हाच शब्द वापरतात, आणि उणीव किंवा अडचण हा अर्थ त्यानंतरचा.

ड्राफ्टची स्पेलिंगं दोन, एक एफ वालं आणि एक जुनं जीएच वालं, पण शब्द एकच आणि उच्चारही एकच. अमेरिकेत सगळीकडे एफ वालं, ब्रिटनमध्ये कच्चा मसुदा आणि बँकेचा ड्राफ्ट एफ ने, पण वाऱ्याचा झोत, पिंपातली बिअर आणि जहाजाची पाण्यातली खोली मात्र जुन्या जीएच वाल्या स्पेलिंगने. ड्राफ्ट्स नावाचा सोंगट्यांचा खेळही त्याच स्पेलिंगचा, कारण पटावरच्या चालीला एकेकाळी हाच शब्द होता, सोंगटी ओढली की ती एक चाल.

दोन अर्थांवर मी जास्त वेळ घालवला. पहिला बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा. ड्रॉन बॅटल हा प्रयोग सतराव्या शतकापासून आहे आणि एक स्पष्टीकरण असं की दोन्ही बाजूंनी सैन्य मागे घेतलं म्हणून, म्हणजे विथड्रॉनचंच आखूड रूप. मला हे पटतं, कारण मागे ओढणे हा गट आधीच इतका भरलेला आहे. दुसरा अर्थ भीषण आहे. इंग्लंडमध्ये राजद्रोहाला हँग्ड, ड्रॉन अँड क्वार्टर्ड अशी शिक्षा होती (हँग्ड म्हणजे फाशी, क्वार्टर्ड म्हणजे देहाचे चार तुकडे), १८७० मध्ये ती कायद्यातून गेली. यातलं ड्रॉन म्हणजे आतडी बाहेर काढणं की घोड्याला बांधून फाशीच्या जागेपर्यंत फरफटत नेणं? इंग्रजीत शिजवायच्या आधी कोंबडी साफ करण्यालाही ड्रॉ म्हणतात, त्यामुळे पहिला अर्थ अशक्य नाही. पण जुन्या निकालांत ड्रॉ आधी आणि हँग नंतर असा क्रम येतो, म्हणून मी फरफटत नेण्याच्या बाजूने आहे, आणि ड्रागनचा सगळ्यात जुना अर्थही तोच.

आता पुढचं काम जर्मन ट्रागनचं, ओढण्याचं वाहून नेणं कसं झालं ते बघायचंय. त्यासाठी इंग्रजी बेअर हे क्रियापद शेजारी ठेवून त्याचीही शीट करायला घेतलीय, कारण वाहून नेणं, अंगावर बाळगणं, सोसणं आणि जन्म देणं एवढं सगळं इंग्रजीत त्या एकट्यावर पडलंय.