सायकलच्या पुढे

गेले कित्येक महिने सायकलच्या बाजूने दुडक्या चालीने येणारी आमची कुत्री दीड वर्षाची झाली, तिच्या हाडांची वाढ पुरी झाली, आणि आज पहाटे मी तिला प्रथमच सायकलच्या पुढे जुंपले. गळपट्ट्याला दोरी बांधल्यास ओढीचा सगळा ताण गळ्यावर येतो, म्हणून छातीवरून आणि पाठीवरून जाणारा पट्टा घालून त्याला हिसका शोषून घेणारी लवचीक दोरी अडकवली. दोरी सैल पडली की ती पुढच्या चाकात जाऊ शकते, हे मला ठाऊक होते; तरी पहिल्याच वळणावर खार पाहून कुत्री थबकली आणि मी ब्रेक दाबेपर्यंत दोरी टायरला घासलीच. पडलो नाही, इतकेच. स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांना उजवीकडे वळण्यासाठी ‘जी’ आणि डावीकडे वळण्यासाठी ‘हॉ’ असे सांगतात; आमच्या बाईसाहेबांना तूर्त दोन्हींचा अर्थ ‘अजून जोरात’ एवढाच कळतो! मातीच्या रस्त्यावर जेमतेम २ किलोमीटर झाले असतील, तोच तिची जीभ लांब लोंबू लागली आणि मी थांबलो, कारण अंग थंड करण्यासाठी कुत्र्याची मुख्य भिस्त धापेवरच असते. पंजांच्या गाद्या एकेक करून तपासत असताना तिने माझा कान चाटून घेतला.