काकांची मोटर आणि हम्मुराबीचा पाट

गेल्या हिवाळ्यात आमच्या काकांनी कांड केलं. निपाणीजवळ आमचं रान आहे, थ्री फेज लाईट आली रात्री दोनला, काकांनी उसाला मोटर चालू केली आणि बांधावरच घोंगडं ओढून झोपले, सकाळी बघतोय तर पाट फुटून सगळं पाणी शेजारच्या तात्यांच्या हरभऱ्यात. ऐन फुलातला हरभरा, घोटाभर पाण्यात. तात्यांनी सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी मारुतीच्या देवळात चार माणसं बसली आणि ठरलं की तात्यांच्या उरलेल्या रानात एकरी जो उतारा पडेल त्या हिशोबानं काकांनी हरभरा मापून द्यायचा.

परवा बाबिलोनचा जुना राजा हम्मुराबी, त्याच्या कायद्यांबद्दल वाचत बसलो आणि 55 वं कलम बघून हसूच आलं. पाट उघडून दुर्लक्ष केलं आणि शेजाऱ्याचं रान बुडालं, तर आजूबाजूच्या पिकाच्या मानानं धान्य मापून द्यावं. पावणेचार हजार वर्षांपूर्वीचं, बाबिलोनमधलं! शाळेत आपल्याला फक्त डोळ्याला डोळा शिकवलं, पण आत पाणी, कर्ज, बैलाचं भाडं, घर पडलं तर गवंडी जबाबदार, असलंच भरपूर आहे. आपले आजचे कायदे तिथूनच आले असं काही मी म्हणणार नाही, पण भांडणं तीच की. 48 वं कलम तर भारी, पुरानं किंवा दुष्काळानं पीक गेलं तर त्या वर्षी धान्य द्यायचं नाही, व्याज नाही, कर्जाची मातीची पाटी भिजवून टाकायची. 2019 च्या महापुरानंतर आमची पाटी काय कुणी भिजवली नाही, व्याज चढतच गेलं.

लगेच सत्ययुग समजू नका हां. गुलामाचा डोळा फोडला तर निम्मी किंमत दिली की सुटका. आणि बांध धड ठेवला नाही, भरपाई पण जमली नाही, तर त्या माणसालाच विकायचं. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "मला कोण घेतंय, गुडघे गेलेत."

हे कायदे कोरलेला काळा दगड सव्वादोन मीटर उंच, 1901 च्या सुमारास इराणात सुसाला सापडला, शेजारच्या एलाम राज्याच्या राजानं लुटून नेलेला, आता पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये आहे. त्याच्या शेवटी लिहिलंय की ज्याच्यावर अन्याय झालाय त्यानं इथं यावं आणि हा लेख दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. म्हणजे त्याला स्वतःला वाचता येणार नाही हे धरूनच चाललेत. आमच्याकडं पण जमिनीची नोटीस येते कन्नडमध्ये, काकू ती घेऊन समोरच्या मास्तरांकडं जाते, मास्तर आधी मनातल्या मनात सगळी वाचतात, मग चष्मा काढून सांगतात, तोवर काकू त्यांच्या तोंडाकडं बघत उभी.