सोलेआच्या बारा मात्रा

कंपनीने 2 वर्षांसाठी स्पेनमध्ये सेव्हिलला पाठवलं तेव्हा फ्लामेंको म्हणजे झालरीचा लाल ड्रेस आणि केसात फूल एवढंच मला माहीत होतं. मग एका शुक्रवारी ऑफिसमधली मैत्रीण नदीपलीकडे त्रियानात एका पेन्यात घेऊन गेली, पेन्या म्हणजे फ्लामेंकोवेड्या लोकांचं मंडळ, साधा हॉल, लाकडी खुर्च्या, माईकसुद्धा नाही. मी नाच बघायला गेलेले पण त्या दिवशी नाच नव्हताच, साठीच्या पुढचे एक गृहस्थ खुर्चीत बसून गात होते आणि शेजारी एक गिटार, बस. आवाज फाटत होता आणि तो तसाच हवा होता. मधेच मागून कोणीतरी हळूच 'ओले' म्हणायचं, आपल्याकडे मैफिलीत एखादी जागा लागली की 'क्या बात है' निघतं ना, अगदी तसं. शब्द एकही कळला नाही पण अंगावर सरसरून काटा आला.

पुढच्याच आठवड्यात क्लास लावला.

लहानपणी चार वर्षं तबला शिकलेय, एकताल हातात बसलेला, आणि क्लासमध्ये शिकवत होते तो सोलेआ, फ्लामेंकोचा एक प्रकार, तोपण 12 मात्रांचाच, त्यामुळे तालाचं तरी टेन्शन नाही असं वाटलेलं. नेमकी तिथेच अडकले. आपली सम एकवर, मोजायला लागलं की अंग आपोआप एकवर पडतं. सोलेआत जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर, म्हणजे आधी तीन-तीनचे दोन तुकडे, मग दोन-दोनचे तीन, आणि वजन प्रत्येक तुकड्याच्या शेवटी. मी दर आवर्तनाला एकवर पाय आपटायचे आणि शेजारच्या दोघीतिघी चुकायच्या. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मला सरळ खुर्चीत बसवलं, म्हणाल्या आता फक्त पाल्मास.

पाल्मास म्हणजे टाळ्या. सोर्दास वाजवायच्या तर दोन्ही तळवे खोलगट करून, आवाज दबका, म्हणजे गाणाऱ्यावर कुरघोडी होत नाही. क्लारास म्हणजे उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्याच्या खळग्यात, खणखणीत. दीड महिना मी फक्त हेच केलं, क्लासमध्ये, बसमध्ये मांडीवर, भांडी घासताना ओट्यावर, आणि खूप रडायला यायचं कारण बाकीच्या माझ्यासमोर नाचत होत्या.

एकदा बाई जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मोजू नकोस, एस्कुचा, ऐक. गायक कामारोन आणि गिटारवादक पाको दे लुसियाची जुनी रेकॉर्डिंग्ज लावून दिली. ऐकता ऐकता कधीतरी लक्षात आलं की गिटारची फिरत दहावर येऊन मिटते, आणि 11-12 म्हणजे नुसता श्वास. मी एक शोधत बसलेले आणि धरायचा होता दहा! त्या दिवसापासून हात चुकले नाहीत, पायांना मात्र अजून दोन महिने लागले.

गाण्याचे शब्द बाई समजावून सांगायच्या. एका ओळीत 'दुकेलास' आलं, मी अर्थ विचारला तर म्हणाल्या पेनास, दुःखं, हा गितानो लोकांचा, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सींचा शब्द आहे. त्यांच्या बोलीत पाण्यालाही 'पान्यी' म्हणतात. गितानोंचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी भारतातून निघाले हे मी वाचलेलं होतं, पण त्रियानातल्या एका खोलीत सत्तरीच्या बाईंच्या तोंडून दुःख आणि पाणी ऐकताना मला काही बोलताच येईना. रात्री आईला फोन केला, ती दोन्ही शब्द परत परत म्हणून बघत होती.

आता एस्कोबिया चालू आहे, सोलेआतला नुसत्या पायांचा भाग. बुटांच्या चवड्याला आणि टाचेला खिळे ठोकलेले असतात त्यामुळे लपवाछपवी नाही, चुकलं की सगळ्यांना ऐकू जातं. माझी डावी टाच आठवर अजून उशिरा येते. रोज संध्याकाळी गच्चीत प्लायवूड टाकून तेवढंच करते, खालच्या आजींनी नऊपर्यंत परवानगी दिलीये.