हरकत कुणाचीच नाही

६ ऑगस्ट २०२५, बुधवार. केरी, नॉर्थ कॅरोलायना

लायसन्सच्या कचेरीत आज अडीच तास गेले. काम पाच मिनिटांचं होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझं ग्रीन कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, हे तर ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलंय. मी पिशवीतून इमिग्रेशन खात्याचं पत्र काढलं. कार्डावरच्या तारखेपासून पुढे ४८ महिने ते वैध समजावं, असं त्यात लिहिलंय. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवते, तरी घड्यांवर कागद विरत चाललाय. बाईंनी असं पत्र कधी पाहिलं नव्हतं. त्या आत गेल्या, कुणाला तरी घेऊन आल्या, मग संगणकावर पडताळणी झाली. त्यांच्यावर माझा राग नाही, नीटच वागल्या त्या. पण मागे रांग ऐकत असताना ‘कार्ड संपलंय, पण मी इथे कायदेशीरच आहे’ हे मोठ्याने सांगावं लागलं, आणि परतताना गाडीत मला रडू आलं. नवरा गाडी चालवत होता. काही बोलला नाही. नुसता एसी कमी केला, कारण मला थंडी वाजते हे त्याला माहीत आहे.

शर्ती काढून टाकण्याचा आमचा अर्ज खात्याला पोचला तो ९ ऑगस्ट २०२३ ला. येत्या शनिवारी दोन वर्षं होतील.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तुम्ही इथे कायम रहिवासी म्हणून आलात, आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसली, तर कार्ड दहा वर्षांचं मिळत नाही. दोनच वर्षांचं मिळतं, सशर्त. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज करायचा, लग्न खरं असल्याचे पुरावे जोडायचे, मग शर्त निघते.

आता माझी तारीखवार गोष्ट. लग्न ८ डिसेंबर २०१९, साताऱ्यात. नवरा तीन आठवड्यांनी इकडे अमेरिकेत परत आला आणि जानेवारीत त्याने माझ्यासाठी अर्ज भरला. मार्चमध्ये जग बंद झालं. वकिलातींचं नेहमीचं कामही थांबलं. नवीन लग्न झालेली मी दीड वर्षाहून जास्त काळ माहेरीच राहिले. शेजारच्या बायका आईला आडून आडून विचारायच्या, जावई नेणार आहेत ना? मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत माझी मुलाखत झाली, पासपोर्टवर व्हिसा लागून आला आणि मिळालं त्या पहिल्या विमानाने मी निघाले. इथे उतरले २० ऑक्टोबर २०२१ ला.

दोन वर्षं पूर्ण व्हायला सात आठवडे होते. बरोबर सात. व्हिसाची मुदत त्यानंतरही शिल्लक होती. मोजणी होते ती विमानतळावर दाखल होण्याच्या दिवसावर, व्हिसा मिळाल्याच्या दिवसावर नाही. म्हणजे मी आठ डिसेंबरनंतर आले असते तर थेट दहा वर्षांचं कार्ड हातात पडलं असतं. हा अर्ज नाही, हे पत्र नाही, आजची खिडकी नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही शोधलंही नाही. सांगितलं असतं तरी थांबले असते का, हे मी स्वतःला कितीदा तरी विचारलंय. नसते थांबले. बावीस महिने मी त्याला फक्त फोनच्या पडद्यावर पाहत होते. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास रात्री, आणि तेव्हा मला एकही रात्र जास्तीची नको होती.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

सकाळी भावाने व्हिडिओ कॉलवर राखी बांधून दाखवली. मी पाठवलेली अजून पोचली नाही म्हणून आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली होती. आज दोन वर्षं झाली हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

दुपारी पुन्हा एकदा तो कायदा काढून वाचला. १० नोव्हेंबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेला, खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी केलेला कायदा. माझ्या जन्माच्या आधीचा. कागदोपत्री लग्नं लावून माणसं आणली जात होती, अजूनही आणली जातात, त्यामुळे तपासणी हवीच. ती होऊ नये असं मला कधीच वाटलं नाही. पण त्यात काय लिहिलंय ते वाचून मी गप्प झाले. अर्ज दिल्यापासून ९० दिवसांत मुलाखत घ्यावी, आणि मुलाखत झाल्यापासून ९० दिवसांत निर्णय द्यावा. हे कायद्यातच आहे. पुढच्याच ओळींत, मुलाखत किंवा तिची मुदत माफ करायचा अधिकारही दिलाय. ती सूट त्यांना आहे. आम्हाला आमच्या ९० दिवसांत अर्ज करायचा होता आणि तो न करणाऱ्याचा रहिवास आपोआप संपतो. एकाच कायद्यातले ९० दिवस एकाला दगडावरची रेघ आणि दुसऱ्याला पाण्यावरची.

आम्ही वेळेत केला. ५९५ डॉलर अर्जाचे आणि ८५ ठशांचे असे ६८० डॉलर भरले. गठ्ठा केवढा होता! भाड्याचा करार, दोघांच्या नावावरचं बँक खातं, एकत्र भरलेले आयकराचे कागद, गाडीचा विमा, विजेची बिलं, एकमेकांना वारस नेमल्याचे कागद, मित्रांची शपथपत्रं, फोटो. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि जागा. माझ्या नावांचा तर वेगळाच कागद जोडावा लागला. लग्नाआधी मधलं नाव बाबांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लेकीची ही साधी गोष्ट, पण ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात लिहिताना आपण काहीतरी लपवत होतो असं वाटायला लागतं.

आणि आता त्या गठ्ठ्यालाही दोन वर्षं झाली. मुलाखतीला बोलावलं तर मधल्या काळाचे पुरावे मागतील, म्हणून ते गोळा करणं थांबत नाही. गेल्या दिवाळीत फराळाची ताटं मांडली आणि मी नवऱ्याला म्हणाले, ‘थांब, दोघांचा एक काढू, फाइलसाठी.’ त्याने ताट खाली ठेवलं. हसला नाही. मलाही मग चकली गोड लागेना. त्या दिवसापासून घरात सणाचे फोटो मी काढत नाही, तोच काढतो, आणि फाइलचं नाव घेत नाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे. मार्चमध्ये आमचं मोठं भांडण झालं होतं. कशावरून ते इथे लिहायचं नाही, पण दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो. दुसऱ्या रात्री माझ्या मनात आलं, उद्याच मुलाखतीचं पत्र आलं तर? आपण एकमेकांकडे न बघता त्या टेबलापुढे बसलो तर? आणि मी उठून त्याची माफी मागितली. माझी चूक होती म्हणून मागितली की भीती वाटली म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. माझ्या लग्नातली एक खरी माफी या विलंबाने माझ्याकडून नेली असं मला वाटतं, आणि हे मी नवऱ्यालाही पहिल्यांदाच या नोंदीतून सांगतेय.

माझं लग्न चांगलं आहे, म्हणून एवढ्यावर निभावलं. इथल्या मराठी मंडळात ओळख झालेली एक मुलगी आहे. अर्ज दोघांनी मिळून केला आणि त्यानंतर तिचं घर मोडलं. घटस्फोट झाला तर, किंवा छळ होत असेल तर, जोडीदाराशिवाय अर्ज चालवायची सोय कायद्यात आहे. लग्न खरं होतं एवढं दाखवावं लागतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी कृपा करून माहीत करून घ्या, वकिलाला विचारा, कुणी ‘तुझं कार्ड माझ्या हातात आहे’ असं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण सोय असली तरी तिची फाइलही याच रांगेत आहे. नको झालेल्या माणसाबरोबरचे जुने फोटो तिला जपून ठेवावे लागतात. निर्णय सहा महिन्यांत झाला असता तर ते फोटो तिने कधीच फाडून टाकले असते.

मला सगळे सांगतात, सिटिझनशिपचा अर्ज टाक, तुझी तीन वर्षं झालीत, मग दोन्ही फाइली बऱ्याचदा एकत्र निकाली निघतात. खरं आहे, खूप जण तसं करतात. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मला माझा पासपोर्ट परत करावा लागेल. कदाचित मी करीनही एक दिवस. तो दिवस मी ठरवीन. एक कार्ड वेळेत येत नाही म्हणून देश बदलायचा, हे मला जमणार नाही.

जानेवारीत आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेले होते तेव्हाचं राहून राहून आठवतंय आज. आईचे वडील, निवृत्त तलाठी. ऐंशी वर्षं उलटून वर आठ महिने, हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस. चांदीच्या चंद्राची पूजा झाली, सुनांनी आणि लेकींनी ओवाळलं, पंगती उठल्या, आणि संध्याकाळी ते मला म्हणाले, ‘काय गं, तुझं ते पत्र दाखव बघू.’ भिंग घेऊन त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. इंग्रजी त्यांना सरकारी कागदापुरतं चांगलं येतं.

‘यावर हरकत कुणी घेतलीय का?’

‘नाही आजोबा.’

‘कागद कमी आहेत असं कळवलंय?’

‘नाही.’

‘मग नोंद का होत नाही?’

त्यांनी आयुष्यभर जमिनीच्या फेरफार नोंदी केल्या. मला समजावून सांगितलं त्यांनी, जसं काही माझ्या अर्जाला ते लागू पडणार होतं. तलाठ्याने नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीला असतात, हरकत आली नाही तर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतो, आली तर सुनावणी लागते. ‘उशीर आमच्याकडेही व्हायचा,’ ते म्हणाले, ‘मी नाही म्हणत नाही. पण माणूस दारात येऊन विचारायचा. मला त्याच्या तोंडावर सांगावं लागायचं का राहिलं ते.’

परतीच्या वेळी मुंबई विमानतळावर रात्री अडीचला काउंटरवरच्या मुलाने कार्डाची तारीख पाहिली आणि बोर्डिंग पास दिला नाही. मूळ पत्र दाखवलं. त्याने फोटो काढून कुठेतरी पाठवला, फोन लावले. मी चाळीस मिनिटं बाजूला उभी होते, ढकलगाडीवर चटण्यांचे डबे आणि आजोबांनी दिलेली साडी. शेवटी सोडलं. दारं असणाऱ्यांना जाऊन विचारता तरी येतं. मी विचारते ते खात्याच्या एका फोनला. तिथे आधी यंत्र बोलतं, नंतर चुकून माणूस लागलाच तर तो सांगतो की तुमचा अर्ज नेहमीच्या मुदतीत आहे. नेहमीची मुदत ते स्वतः ठरवतात आणि ती माझ्यापुढे पुढे सरकत राहते.

१० ऑगस्ट, रविवार

नवऱ्याने कालची नोंद वाचली. मार्चमधल्या माफीबद्दल म्हणाला, ‘मला माहीत होतं.’ मग बराच वेळाने, ‘पण मी तरी कुठे विचारलं तुला, कशाची माफी म्हणून.’ चहा पुन्हा गरम करावा लागला.

दुपारी आजोबांना फोन केला, तिकडे रात्र झाली होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, नोंद झाली का? मी सांगितलं, काल दोन वर्षं झाली. ते जरा थांबले. मग त्यांचा आवाज कामाचा झाला. स्मरणपत्र दिलंस का? मी म्हटलं, इथे खासदाराच्या कार्यालयातून विचारणा करता येते, त्याचा फॉर्म आहे, आपली माहिती खात्याकडून घ्यायला परवानगी द्यावी लागते. ‘मग दे. वर पहिल्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिही. काय झालं ते चार ओळीत. रडगाणं नको, तारखा लिही. आणि नुसतं स्मरणपत्र म्हणू नकोस, स्मरणपत्र क्रमांक एक असं लिही. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, दुसरं येणार आहे.’

फॉर्म भरून छापलाय. सोबतच्या पत्रात चारच ओळी आहेत, चारही तारखांच्या. लग्न, दाखल, अर्ज, आज. मथळा आजोबांनी सांगितला तसाच. नवऱ्याची सही राहिलीय, तो दुकानात गेलाय. पेन मी पत्रावरच ठेवलंय.