घिस्सा सापडला, पण पॅडवर नाही

मंडळी, काल रात्री साडेअकराला केरवा तालातला ‘गे’, म्हणजे डग्ग्याचा बोल, अखेर हवा तसा रेकॉर्ड झाला. तळव्याच्या रेट्यासरशी सूर खालून वर सरकत गेला, हाच तो घिस्सा. तेवढाच तुकडा बारा वेळा ऐकला.

मागच्या नोंदीत हँडसॉनिकवरच, म्हणजे हाताने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरच, घिस्सा काढायचा हट्ट धरला होता. तबल्यापुरतं पॅड उत्तमच आहे. नागपूरच्या मे महिन्यात घरी खरा तबला रेकॉर्ड करणं म्हणजे छळ असतो: कूलर लावला की ओल्या हवेने पुडी (वरचं कातडं) सैलावून तबला उतरतो, बंद केला की चढतो, दर टेकला गठ्ठ्यांवर (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांवर) हातोडी. पॅडला ऊनपाणी कळत नाही, गायिकेने पट्टी बदलली तरी बटण दाबून मोकळं.

डग्ग्याने मात्र तीन आठवडे खाल्ले. आपला तळवा डग्ग्यावर टेकलेलाच असतो. बोटं वाजवतात, मनगट सूर सरकवतं. पॅडला हा फरक कळत नाही. तळवा टेकवला की तोच आघात समजून नको तिथे ‘घे’. थ्रेशोल्ड (किमान किती जोराचा आघात मोजायचा ती मर्यादा) वाढवला तर हलका ‘गे’ गिळला जातो, सेन्सिटिव्हिटी वाढवली तर शेजारचं पॅड बोलतं.

मग लक्षात आलं, डग्ग्याला तबल्यासारखा नेमका सा लागत नाही. कूलर बिघडवतो तो तबला! म्हणजे तबला पॅडवर, डग्गा खरा. राहिली माईकमधली कूलरची घरघर. त्यासाठी 27 मिमीचा पिएझो, म्हणजे थरथरीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चकती, आणला. तो हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, भांड्याची थरथर घेतो.

पहिला आवाज आला पत्र्याच्या डब्यासारखा. दोन रात्री चकती तळाशी, काठाशी, गजऱ्याखाली (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीखाली) फिरवत बसलो. दोष जागेचा नव्हताच, पिएझो लाइन इनपुटला लावला होता. चकतीची धारिता (कपॅसिटन्स) साधारण 20 नॅनोफॅरड; 10 किलोओहमच्या इनपुटवर 800 हर्ट्झच्या खालचं सगळं पडत जातं, आणि डग्ग्याचा जीव त्याच्या कितीतरी खाली. ऑडिओ इंटरफेसचं बटण ‘इन्स्ट’वर (वाद्यासाठीच्या इनपुटवर) सरकवलं, 1 मेगाओहम मिळाले, आणि घुमारा खोलीभर पसरला.

सीताबर्डीतून आणलेल्या तयार पिएझोची वायर दुसऱ्याच दिवशी तुटली. सुटी चकती घ्या आणि शिल्डेड वायर स्वतः सोल्डर करा, नाहीतर कूलरच्या मोटरचा 50 हर्ट्झचा हम आत शिरतो. चिकटवायला मधमाशीचं मेण. डबल टेपने घुमारा दबतो. आता चकती गजऱ्याखाली चार बोटं, थेट पितळेवर आहे.

गणपतीत नुसतं पॅडच न्यायचं ठरलं होतं. हे लिहितानाच वाटतंय, डग्गाही न्यावा. मंडपात स्पीकरचा हादरा पाटावरून भांड्यात चढेल, म्हणून चुंबळीखाली जाड फोम घालून पाहतो. रविवारी शेजारच्या खोलीत स्पीकर लावून तेवढंच तपासणार आहे.