आमवात असताना हिरड्यांची खोल सफाई: माझा अनुभव
आमवातासाठी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध घेते. दातांच्या डॉक्टरांना आधी तेच सांगितलं आणि औषधांची यादी, ताजा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हरचा रिपोर्ट पुढे ठेवला. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर सफाई पुढे ढकलतात. साध्या खोल सफाईसाठी मेथोट्रेक्झेट सहसा चालूच ठेवतात. बायॉलॉजिक इंजेक्शन (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारं औषध) चालू असेल तर तारीख संधिवाततज्ज्ञांना विचारूनच ठरवायची. स्टिरॉइड तर आपल्या मनाने एक दिवसही तोडू नये.

मग मोजणी. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळी दात आणि हिरडीच्या फटीत घालून प्रत्येक दाताला सहा ठिकाणी खोली घेतात. डॉक्टर आकडे सांगतात, सहायक लिहून घेते: तीन, दोन, तीन, पाच, रक्त. तीनपर्यंत ठीक. चार किंवा जास्त म्हणजे पॉकेट. तिथे घरचा ब्रश पोहोचत नाही. हा तक्ता हट्टाने मागून घ्यावा, कारण तो नसेल तर पुढे फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार? मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर तीही सांगावी. तंबाखूने हिरडीतून रक्त कमी येऊ शकतं आणि आजार झाकला जातो.

या पॉकेटमध्ये वाढणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू प्रथिनांतल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतो. आमवातात तपासतात ती अँटी-सीसीपी अँटीबॉडी अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध असते. म्हणून हिरड्यांची सूज अंगात ठेवणं मला पटत नाही. पण सफाईने आमवात बरा होत नाही, औषधं चालूच ठेवायची.

सफाई भूल देऊन, तोंडाचा एकेक भाग घेऊन करतात. हिरडीखालची कीट काढून मूळ गुळगुळीत करतात. आमवातात जबड्याचा सांधाही दुखू शकतो, तेव्हा दुपारची वेळ घ्यावी, सकाळचा ताठरपणा तोवर उतरलेला असतो. दातांमध्ये धरायचा रबरी ठोकळा आणि मध्ये विश्रांती आधीच मागून ठेवावी. नंतर दात शिवशिवतात, फटी दिसू लागतात. सफाईने दात सैल झाले असं लोक म्हणतात. खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं, कीट गेल्यावर ते दिसतं.

सफाईनंतर चूळ भरायला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, ०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडेच. टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर कमी होतो. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्झेटची आठवण पुन्हा करून द्यावी: को-ट्रायमोक्सॅझोल त्याच्याबरोबर घातक ठरू शकतं, अमॉक्सिसिलिनलाही सावध राहावं लागतं.

बोटं सुजलेली असताना बारीक दांड्याचा ब्रश फिरतच नाही. दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चढवली की पकड बसते. ब्रश हिरडीकडे ४५ अंश तिरका धरून हलकाच हलवायचा. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश, अडकेल पण जबरदस्ती लागणार नाही अशा मापाचा.

सीआरपीची (रक्तातून अंगातली सूज मोजणारी) तपासणी सफाईच्या लगेच पाठोपाठ करू नये, तेव्हा आकडा तात्पुरता वर जातो. पुन्हा मोजणी साधारण सहा ते बारा आठवड्यांनी. पाचचे तीन झाले तर उत्तम; सहाचे सहाच राहिले तर फ्लॅप सर्जरीबद्दल (हिरडी उघडून आतून सफाई) डॉक्टरांना विचारायचं. त्यापुढे दर तीन महिन्यांनी सफाई, आणि नव्या तक्त्याची एक प्रत संधिवाततज्ज्ञांच्या फाइलला.